यंत्रांना सुट्टी

"मेन कुठंय?" काकांनी विचारलं. "पूजा मेनपासून सुरू करायची असते."

मी दारामागची करडी पेटी दाखवली. काकांनी पिशवीतून फडकं काढून ती आधी पुसली, मग स्विचच्या मुठीला हळद लावली, हळदीवर कुंकू लावलं आणि दोन पावलं मागे सरकून हात जोडले. आमच्या प्रयोगशाळेत त्या पेटीकडे आदराने बघणारा हा पहिलाच माणूस. आम्ही तिच्यावर छत्र्या अडकवायचो.

खंडेनवमीचा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. मजल्यावर आम्ही दोघंच होतो, आणि झेंडूची एक पिशवी.

काका म्हणजे जनार्दन ननवरे. बार्शीचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक, आता रिटायर. त्यांची मुलगी स्वरूपा माझ्या शेजारच्या टेबलावर पीएच.डी. करत होती. जुलैत तिला डेंगी झाला आणि चार दिवसांत ती गेली. तिचा साधा एक प्रयोगसुद्धा कधी चार दिवसांत संपला नव्हता.

"सर, या मशीनला हार घातला तर चालतो का?"

"काका, मला सर म्हणू नका. इथे कुणी सर म्हटलं की मी मागे वळून बघतो."

"बरं. सुमेध, याला हार चालतो का?"

"चालतो. फक्त पाकळ्या आत जाऊ देऊ नका. ज्वारीच्या नमुन्यात झेंडू निघाला तर मॅडम मला त्याच्यावर पेपर लिहायला लावतील."

काका हसले नाहीत. त्यांनी हाराचा दोरा आखूड केला.

ते पुण्यात बहिणीकडे आले होते, मुलगी कुठे बसायची ते बघायला. आणि दुसरं एक काम होतं. स्वरूपाचा प्रबंध शेवटच्या प्रकरणावर अडला होता. त्यासाठी लागणारे सगळे नमुने तिने गेल्या हिवाळ्यात गोळा करून ठेवले होते, फक्त मोजणी राहिली होती. विद्यापीठानं मान्य केलं होतं की हे प्रकरण तिच्याच नमुन्यांवरून पुरं झालं, तर पदवी तिच्या नावाने देता येईल. मोजणी मी करायची होती. पुढच्या गुरुवारी सुरुवात, आणि पहिल्या मोजणीला काकांना बसायचं होतं.

"तिची आई काही निघाली नाही," काका म्हणाले. "म्हणाली, मी तिथं येऊन काय करू. पण रोज विचारते. पोरगी थंडीची रोज रानात उभी राहायची, धाटं कापायची, त्याचं पुढं काय झालं. मला सांगता येत नाही. मला इंजिनाचं विचार."

"मग इंजिनाचंच सांगतो," मी म्हणालो.

स्वरूपाच्या मामाच्या रानात ज्वारीचा एक जुना वाण होता. कणसं भरली की आजूबाजूची ज्वारी वाऱ्याने लोळायची, ही उभी. स्वरूपाला शोधायचं होतं की हे धाट कडक व्हायचं कधी ठरवतं. पेशी प्रत्येक कांड्यात सारख्याच, प्रत्येक पेशीत जनुकं सारखीच. मग कोणत्या कांड्यात, कितव्या दिवशी कडकपणाची जनुकं कामाला लागतात?

"तुमच्या प्रत्येक डेपोत इंजिनाचं जाडं पुस्तक असतं ना? सगळीकडे तेच?"

"तेच. उघडत कोणी नाही."

"ती जनुकं. पण आज डेपोत खरंच काय काम चाललंय ते पुस्तकावरून नाही कळत. कशावरून कळतं?"

"जॉबकार्डावरून. ब्रेकची किती निघाली, क्लचची किती निघाली."

"पेशीतपण अशी जॉबकार्डं निघतात. आम्ही ती मोजतो."

"एवढंच?"

"एवढंच. याला सात वर्षं लागतात."

"मग हे तिनं मला का नाही सांगितलं असं?" काका म्हणाले. ते मला विचारत नव्हते.

मग मी त्यांना तिची वही दाखवली. तिथे गडबड झाली. स्वरूपाने बारा दिवस, रोज सकाळी आठला, तीन-तीन धाटं कापली होती. म्हणजे छत्तीस धाटं. शास्त्रज्ञ अशा वेळी एक ते छत्तीस आकडे टाकतात. तिने घराण्यातल्या छत्तीस बायकांची नावं टाकली होती.

काका चष्मा लावून वाचू लागले. "प्रमिलामावशी, दिवस चौथा, कांडं तिसरं, बारीक कुटून नायट्रोजनमध्ये." ते थांबले. "ही आमची मेव्हणी आहे."

"हो."

"कुसुमआत्या, दिवस नववा, किडीने खाल्लेली, वगळली." काकांनी चष्मा काढला. "माझी बहीण. तिच्याकडंच उतरलोय मी."

"काका, निवडीला कसोटी होती. स्वरूपा म्हणायची, कुणापुढे वाकत नाहीत अशाच घेतल्यात."

"म्हणजे मी नाही यात?"

"फक्त बायका."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. जरा जास्तच वेळ हसले. मग फडकं घेऊन स्वरूपाचं टेबल पुसायला लागले. ते मी सकाळीच पुसलं होतं.

कोपऱ्यातल्या मोठ्या फ्रीजपाशी येऊन त्यांनी हात लावून पाहिलं. पुरुषभर उंच, जुना, घुर्र घुर्र करणारा. "यात काय ठेवलंय?"

"मावश्या."

"आँ?"

"आणि आत्या. मोठ्या निवांत आहेत. घराण्यात पहिल्यांदाच एवढी शांतता असेल."

काकांनी मान डोलावली आणि फ्रीजलाही बोटभर हळद लावली.

मॅडम, म्हणजे आमच्या दोघांच्या गाइड पाटणकर मॅडम, सकाळी येऊन प्रसाद घेऊन गेल्या होत्या. माझी सातारची गाडी अडीचची होती. मी बॅग उचलली तसं काका म्हणाले, "पाच मिनिटं मी एकटा बसू का इथं? जाताना मी सगळं आवरून जातो."

"बसा की. किल्ली खाली वॉचमनकडे द्या."

"आज सगळ्या मशिनरीला सुट्टी ना?"

"सगळ्यांना," मी म्हणालो. "फक्त मॅडमना नाही."

आणि मी गेलो.

सोमवारी सकाळी आठला मी दार उघडलं तर खोलीत आवाज नव्हता. त्या खोलीत सहा वर्षं वावरून मला माहीतच नव्हतं की तिथे आवाज असतो. दिवा लागेना. फरशीवर पाणी होतं. फ्रीजच्या दाराखाली एक ओघळ, तो वळत वळत स्वरूपाच्या टेबलापर्यंत गेलेला.

मेनची मूठ खाली होती. अगदी सरळ, काळजीपूर्वक खाली ओढलेली. वर हळदकुंकू.

ते मला तेव्हाच उलगडलं. वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला पूजा झाली की मेन खाली ओढतात आणि मशिनरीला विश्रांती देतात. काकांनी एकतीस वर्षं तेच केलं होतं. आणि मी त्यांना सांगितलं होतं की सगळ्यांना सुट्टी आहे.

फ्रीज उणे ऐंशी अंशांवर चालायचा. त्याला कारण होतं, आणि ते मी काकांना सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायच्या जागी मला मावश्या सुचल्या. जॉबकार्डं फार नाजूक असतात. थंडी गेली की पेशीतलेच काही घटक ती कुरतडून टाकतात. तासाभरात अर्धी, दिवसभरात सगळी. फ्रीज बंद पडला तर ओरडायला त्याला एक अलार्म होता, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. दर वेळी वीज गेली की तो कोकलायचा, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी त्याची बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली होती.

डबे उघडले. एकशे चव्वेचाळीस नळ्या, प्रत्येक करंगळीच्या पेराएवढी. वर तिच्या अक्षरात बारीक नावं. आत जी पांढरी-हिरवी पूड असायची, तिचा चहाच्या गाळासारखा चिखल झाला होता.

मी मॅडमना फोन केला. त्या वीस मिनिटांत आल्या, साडीला पिन न लावता. एक नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

"किती तास?"

"सहासष्ट."

"कुणी केलं?"

"लाइट गेली होती, मॅडम."

मॅडमनी मेनकडे पाहिलं. "लाइट कुंकू लावून गेली का?"

मॅडम स्टुलावर बसल्या. त्या प्रयोगशाळेत बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"आणि अलार्म?"

"बॅटरी मी काढली होती."

त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्यावर त्या इंग्रजीत जायच्या आणि मला तेवढी उसंत मिळायची.

दुपारी आम्ही दहा नळ्या तपासल्या. जॉबकार्डं शाबूत असली की जेलच्या पातळ थरावर दोन लख्ख पट्टे दिसतात. दहाच्या दहा ठिकाणी नुसता धूसर डाग होता, पाटीवर ओला हात फिरवल्यासारखा.

"विद्यापीठाच्या समितीला मी कळवते," मॅडम म्हणाल्या. "नमुने खराब झाले, एवढंच. कुणाचं नाव नाही. आणि सुमेध, त्या माणसाला हे कधीच कळता कामा नये. स्वतःच्या मुलीचं काम..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "गुरुवारी त्यांना बोलावलंयस ना? येऊ दे. मोजणी चालव. म्हणावं, नमुने जुने होते, कधी कधी होतं असं."

"मोजणीच्या पडद्यावर एक तरी रेषा वर जायला हवी, मॅडम. ते घरी काय सांगणार?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरच्या व्हरांड्यात त्याच वाणाच्या ज्वारीच्या चार कुंड्या होत्या, यंत्र नीट चालतंय का ते तपासण्यासाठी लावलेल्या.

"मला काही विचारू नकोस," त्या म्हणाल्या.

मला ती परवानगी वाटली. जाताना त्यांनी ऑफिसातून लाल अक्षरांत एक कागद छापून आणला आणि मेनच्या पेटीवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. 'मेन कोणत्याही कारणास्तव बंद करू नये.' पाटणकर मॅडम आमच्या विद्यापीठातल्या सगळ्यात हुशार बाई होत्या. आणि मी त्यांचा विद्यार्थी. तो कागद कोण वाचणार आहे, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

गुरुवारी काका अकराला आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून मागे बसवलेले. दारात चपला काढल्या. मी म्हणालो, राहू द्या. त्यांनी काढल्याच. आत येऊन दाराशी जरा थांबले, मग स्वरूपाच्या स्टुलावर येऊन बसले.

"कुसुमआत्या कशा आहेत?" मी विचारलं.

"तिला सांगितलं मी, तुला किडीनं खाल्लं म्हणून वगळलंय. बोलत नाही कालपासून."

मी तीस नळ्यांचं द्रव यंत्राच्या ताटलीत भरलं. एकतिसाव्या खळग्यात व्हरांड्यातल्या कुंडीतली ज्वारी, त्याच सकाळी कापलेली. काका माझ्या हाताकडे बघत होते. त्या दिवशी मी एक थेंब ताटलीच्या बाहेर टाकला.

"सावकाश," काका म्हणाले. "घाई कशाला."

यंत्र सुरू केलं. त्याला दीड तास लागतो. ते एकेका फेरीला जॉबकार्डांच्या प्रती दुप्पट करत जातं, आणि पडद्यावर प्रत्येक नळीची एक रेषा सरकत राहते. कार्डं भरपूर असली तर रेषा लवकर उसळते. थोडी असली तर उशिरा. नसलीच तर ती आडवीच चालत राहते, शेवटपर्यंत.

"आता काय करायचं?" काकांनी विचारलं.

"बघत बसायचं."

"वर्कशॉपमध्येपण हेच काम असतं निम्मं."

आम्ही बघत बसलो. पाच फेऱ्या, दहा फेऱ्या. एकतीस रेषा तळाशी चिकटून चालल्या होत्या. काकांनी तिच्या थंडीतल्या स्वेटरचं सांगितलं. मामाच्या रानात कामाला आलेल्या बायका तिला धाटडॉक्टर म्हणायच्या, तेही सांगितलं. पंधरा फेऱ्या, अठरा. एकोणिसाव्या फेरीला एक हिरवी रेषा तळ सोडून उठली आणि जिना चढल्यासारखी वर गेली.

काका पुढे वाकले. "ही कुणाची?"

मी हे वाक्य तीन दिवस घोकलं होतं. "प्रमिलामावशी. दिवस चौथा, कांडं तिसरं."

"चढली."

"हो."

"चांगली चढली."

"हो, काका."

मग आम्ही उरलेल्या तिसांकडे बघत राहिलो. पंचवीस. तीस. पस्तिशीनंतर एकदोन रेषांनी मान उचलल्यासारखं केलं, आणि परत टाकली. चाळिसाव्या फेरीला यंत्राने टिंग केलं आणि ते थांबलं.

"आणि या बाकीच्या?"

"नमुने जुने होते. कधी कधी होतं असं."

काकांनी मान डोलावली. हात मांडीवर ठेवले होते, तळवे वर करून, जसे काम संपल्यावर ग्रीस पुसायच्या आधी माणसं ठेवतात.

"मला वाटलं, फ्रीजची लाइन वेगळी असंल," ते म्हणाले. "आमच्याकडं कॉम्प्रेसरची वेगळी असायची. मेन ओढला तरी कॉम्प्रेसर चालू राहायचा."

मी यंत्राचं झाकण उघडून ताटली बाहेर काढली.

"तो कागद शुक्रवारी नव्हता," काका म्हणाले.

ते दारात थांबले होते, तेव्हाच त्यांनी तो वाचला होता. म्हणजे दोन तास. दोन तास त्यांना माहीत होतं, आणि ते माझ्याशी तिच्या स्वेटरबद्दल बोलले होते, कारण मी एवढ्या मेहनतीने त्यांना फसवत होतो.

"काका, अलार्म होता. फ्रीज बंद पडला की वाजणारा. त्याची बॅटरी मी काढून ठेवली होती. आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी... तुम्ही विचारलं होतं यात काय आहे, आणि मी चेष्टा केली."

"हं."

"तुमची चूक नाही."

"माझा हात होता मेनवर," काका म्हणाले. "तू बॅटरी काढलीस. मग आपण दोघं." त्यात राग नव्हता. वर्कशॉपमध्ये कामाची वाटणी सांगावी तसं सांगितलं.

याला आता अकरा वर्षं झाली. पदवी मिळाली नाही. समितीने मॅडमचं पत्र वाचून दोन ओळींचं उत्तर पाठवलं: उमेदवाराने हयातीत गोळा केलेले नमुनेच ग्राह्य. मॅडम तीनदा जाऊन भांडल्या. मी तोच वाण पुन्हा पेरला, धाटं कापली, मोजली, आणि तिसऱ्या कांड्याबद्दल स्वरूपाचा अंदाज बरोबर निघाला. तो पेपर छापून आला, तिचं नाव पहिलं आहे, नावाच्या मागे काही नाही. आता मी शिकवतो. विद्यार्थी मला सर म्हणतात.

पण त्या गुरुवारी यातलं काही झालेलं नव्हतं. काका उठले, खिशातून मोबाइल काढला, लांब धरून नंबर लावला.

"ऐक," ते म्हणाले. "हो, तिथंच आहे. झालं, आत्ताच झालं... हो, मशिनीवर दिसतंय की. रेघ असते. वर गेली... अगं मी स्वतः बघितली, डोळ्यांदेखत. तिचीच. हिरवी... हिरवी गं, शेवाळी नाही, हिरवी."

पलीकडून बाई काहीतरी विचारत होत्या. काकांनी फोन छातीला धरला आणि माझ्याकडे वळले. पडद्यावर ती कुंडीतली ज्वारी तशीच उभी होती.

"तिची आई विचारते, कितव्याला चढली."

"एकोणिसाव्या फेरीला."

त्यांनी ते फोनमध्ये सांगितलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा फोन छातीला धरला.

"आणि हे चांगलं म्हणायचं का?"

"खूप चांगलं," मी म्हणालो.

"खूप चांगलं म्हणतायत सर," काका फोनमध्ये म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडे बाई बोलत होत्या, बोलतच होत्या, आणि काका मधून मधून हं म्हणत होते.